उलट पडलेली वेणी

सकाळी बस्तीला, जैन मंदिरात, निघता निघता त्रिशलानं पाहिलं तेव्हा वेणी उलट पडली होती, आणि दर्शन घेऊन परत येऊन पाहिलं तर ती नीट होती, जशी पडायला हवी तशीच. आता याला काय म्हणायचं? ती हॉलमध्ये उभीच राहिली, देवापुढं तांदूळ वाहून रिकामी झालेली डबी हातात, आणि सोफ्यावर पसरलेल्या स्वेटरच्या पाठीकडं बघत राहिली. राखाडी लोकर, मुलासाठी, जिनेंद्रसाठी विणायला घेतलेली. वेणीची वीण ज्यानं कधी केली नाही त्याला यात घाबरण्यासारखं काही दिसायचं नाही, पण गोष्ट साधी आहे. सहा घरांतली तीन घरं एका आखूड तिसऱ्या सुईवर उतरवायची, ती सुई कापडाच्या पुढं नाहीतर मागं धरायची, उरलेली तीन घरं आधी विणायची आणि मग सुईवरची. पुढं धरली की पीळ डावीकडं वळतो, मागं धरली की उजवीकडं. सगळी वेणी एवढ्यावर उभी. या पाठीवर दोन वेण्या होत्या, एक इकडं वळणारी आणि एक तिकडं, आणि डावीकडच्या वेणीतला वरचा एक पीळ चुकीच्या अंगाला गेलेला तिनं सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यावरून बोटही फिरवलं होतं. काय गं बाई, जन्म गेला विणण्यात आणि सुई मागं धरलीस व्हय, असं स्वतःला म्हणून, आल्यावर उसवू म्हणून ती बाहेर पडली होती. आणि आता उसवायला काही नव्हतंच.

चूक झाली तर झाली. चुकीला भिऊन कुणी विणकाम सोडत नाही. उसवायचं आणि परत विणायचं, हाय काय नि न्हाय काय. पण झालेली चूक आपली आपण नाहीशी झाली, हे मात्र तिला पटेना. म्हणजे सकाळी डोळ्यांनी खोटं दाखवलं, किंवा आता दाखवतायत. म्हणजे सकाळची ती बाई खरी की आत्ताची? तिनं वेणी परत मोजली, उजवीकडच्या वेणीशी ताडून पाहिली, खिडकीत नेऊन उजेडात धरली. पीळ पुढूनच गेलेला. व्हरांड्यात नवरा पेपर वाचत बसला होता. पद्मराज उभी हयात कोर्टात काढलेला माणूस, आता सनद गुंडाळून ठेवली तरी बोलणं उलटतपासणीचंच.

"अहो, माझ्या स्वेटरला कुणी हात लावलाता काय?"

"तुझ्या स्वेटरला हात लावायची माझी छाती हाय काय? का, काय झालं?"

"सकाळी वेणी उलटी बघितली मी. आता सुलटी हाय."

त्यानं पेपर खाली घेतला. "मग चांगलंच की. आरोपी सुधारला. सकाळी उलटी बघितल्याला साक्षीदार हाय का कोण?"

"चेष्टा नको."

"चेष्टा न्हाय गं. चष्म्याचा नंबर बघून घे. मागल्या पावसाळ्यापासनं सांगतोय." आणि पेपर परत वर गेला. वरच्या खोलीतून ब्राह्मीचा आवाज येत होता, कानाला ते हेडफोन लावून ती बंगळूरच्या कुणाशी तरी बोलत होती, निम्मं इंग्रजी, निम्मं कन्नड. ब्राह्मी तिची सून, आणि सून व्हायच्या आधी तिच्या सख्ख्या भावाची पोर. निपाणी-चिकोडीकडच्या जैनांत मामाची मुलगी करून घ्यायची चाल अजून मोडलेली नाही. घरातलं माणूस घरात, असं म्हणून त्या भावानं, अण्णानं, आणि तिनं दोघांनी मिळूनच हे जमवलं होतं. ब्राह्मीनं सुयांना कधी हात लावलेला नव्हता. लग्न झाल्या झाल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या बायका म्हणाल्या होत्या, आता सुनेला शिकवा, तर पोर हसून म्हणाली होती, मला न्हाय जमत ते, आत्यांचा हात तो आत्यांचा हात. त्रिशला जिन्याखाली उभी राहून वरचा आवाज ऐकत राहिली आणि तिला आपण कशासाठी उभ्या आहोत ते आठवेना, मग आठवलं.

चष्म्याचा नंबर! चष्म्याचा असता तर काय पाहिजे होतं. तिला जे वाटत होतं ते तिनं मनातल्या मनातसुद्धा नावानं उच्चारलं नव्हतं. आईचंही असंच सुरू झालं होतं, विणण्यापासून. निपाणीचं घर, मागं तंबाखूची वखार, सुगीत त्या ठसक्यानं पाव्हण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि घरच्यांना काही जाणवायचंच नाही. आईच्या लोकरीलासुद्धा तो वास असायचा. लोकरीचा गुंडा उघडायच्या आधी आई दुकानदाराला विचारायची, ही मेंढराची न्हाय न्हवं? नकली धाग्याचीच लोकर तिला चालायची. जनावराच्या अंगावरचं आपल्या अंगावर नको म्हणायची. एकदाच विचारायची, आणि मग त्या गुंड्याबद्दल तिचा संशय संपायचा. त्या वर्षी त्रिशला माहेरी गेली तेव्हा आई परसात बसून विणत होती, आणि एक ओळ संपवली की मान वर करून विचारायची, गं, ही मेंढराची न्हाय न्हवं? न्हाय गं आई. मग पुढची ओळ. मग परत, ही मेंढराची न्हाय न्हवं? पहिल्यांदा त्रिशला हसली होती. मग तिनं आईच्या मांडीवरचं विणकाम बघितलं आणि हसू गेलं, कारण वेणीला वळणच राहिलं नव्हतं, एक पीळ इकडं, एक तिकडं, पाऊस पडल्यावर पोरं चिखलात वाट्टेल तसे पाय उमटवतात तसं. आणि आई शांतपणे विणत होती. आईला ते दिसत नव्हतं. तो शांतपणा त्रिशलाच्या डोळ्यांपुढून अजून हलत नव्हता. चूक होण्याचं दुःख नाही, दिसत नाही याचं.

आणि आपल्याला तर दिसतेय, ती स्वतःला समजवायची, म्हणजे आपण अजून धड आहोत. पण दिसलेली नाहीशी होते, त्याचं काय? पुढचे चार-दोन दिवस ती विणायला बसली की एकेक पीळ मोठ्यानं म्हणायची, पुढं, पुढं, ही पुढं, ही मागं. पद्मराज म्हणाला, काय मंत्र पुटपुटतेस. तिला राग आला. घरातल्या बारक्यासारक्या गोष्टी तिच्या अंगावर यायला लागल्या. पीठ चाळायला घेतलं आणि समोर टांगलेली ती वस्तू, रोज हातात घेतलेली, तिचं नावच जिभेवर येईना. तिनं कामवाल्या नागुबाईला म्हटलं, ती जरडी दे गं. नागुबाईनं चाळणी काढून दिली, तिला काही वेगळं वाटलं नाही, कारण या घरात मराठी अडली की कन्नड पुढं येते आणि कन्नड अडली की मराठी, सगळे असंच बोलतात, कुणी थांबून विचारत नाही. तेव्हा त्रिशलाला एकदम कळलं की अशा घरात माणूस किती दिवस विसरत राहील आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. आईचंही तसंच झालं असेल. चाळणी हातात धरून ती ओट्याशी उभी राहिली, चाळणी, चाळणी, चाळणी म्हणत, आणि नागुबाई म्हणाली, आक्का, पीठ चाळायचंय न्हवं?

मग बुधवारी परत तेच झालं. या वेळी उजवीकडची वेणी. सकाळी आंघोळ करून ती मुद्दाम बघायला आली, अनवाणी, ओले केस तसेच, आणि आदल्या संध्याकाळी घातलेला पीळ उलटा गेलेला. तिनं तो दोन बोटांत धरून दाबला, जिवंत आहे की नाही बघावं तसा. आहे. आत्ता आहे. उसवावं का? उसवलं तर पुरावा गेला. तिनं स्वेटर होता तसा ठेवला आणि बस्तीला गेली, तिथं तिचं लक्ष कशातच लागलं नाही, पंडित काहीतरी म्हणाले त्याला तिनं मान हलवली. परत आली तर पीळ नीट. ती सोफ्यावर बसली, स्वेटर मांडीवर, आणि शेजारी तो दुसरा स्वेटर, नमुन्यासाठी कपाटातून काढून ठेवलेला, आईनं शेवटचा विणलेला, तेव्हाच्या तेरा वर्षांच्या जिनेंद्रच्या मापाचा. आता लग्न झालेला जिनेंद्र उद्यमबागेतल्या कारखान्यात साहेब झाला तरी त्याला आज्जीच्या वेण्याच पाहिजे होत्या. आज्जीनं केलता तसलाच कर आई, पाठीला दोन वेण्या. तिनं तो जुना स्वेटर नाकाशी नेला. एवढ्या वर्षांनीही तंबाखूचा वास. रडावं असं तिला वाटलं, पण पद्मराज तिकडं फोनवर कुणाला तरी तारीख सांगत होता आणि अशा आवाजात रडता येत नाही.

भीतीची एक तऱ्हा असते, ती माणसाला धूर्त करते. त्रिशलानं ठरवलं, आपल्याला काय दिसतं त्यावर आपण विश्वास ठेवायचा नाही, आपण काय केलं त्यावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती विणायला बसली आणि पिळाची ओळ आली तेव्हा डावीकडच्या वेणीला तिनं जाणूनबुजून सुई मागं धरली. आता हसू येईल, पण हात ऐकेना. बोटं आपली आपण सुई पुढं आणायची. इतक्या वर्षांचा हात, त्याला कुणी चुकायला शिकवलेलं नव्हतं; तिनं दात आवळून ती सुई मागं रेटली आणि तीन घरं विणून टाकली. हात धड आहे, हे बघून तिला एक क्षण इतकं बरं वाटलं! मग लगेच दुसरा विचार, हे मी मुद्दाम केलं हेच उद्या विसरले तर? म्हणून तिनं त्याच लोकरीचा एक वीतभर तुकडा तोडला आणि हातातल्या बांगडीला गाठ मारून बांधला. हा तुकडा म्हणजे, मी मुद्दाम उलटी वेणी घातलीय. हा तुकडा म्हणजे, मी धड आहे. ब्राह्मी संध्याकाळी कॉफी घेऊन खाली आली तेव्हा म्हणाली, "हे काय बांधलंय, आत्या?"

"असंच."

"दृष्ट लागली काय कुणाची?" ब्राह्मी हसली आणि कप ठेवून गेली. दिवस मावळायच्या आत सगळे जेवले, घराच्या पद्धतीप्रमाणं. जेवताना त्रिशला एकेकाचं तोंड बघत होती. जिनेंद्र फोनमध्ये. पद्मराज ताटात. ब्राह्मी तिच्याकडं बघत होती, आणि नजरानजर झाल्याबरोबर म्हणाली, "आत्या, आमटी वाढू?"

सकाळी तिनं आधी बांगडी बघितली. तुकडा आहे. मग स्वेटर बघितला. पीळ उलटा, तिनं घातला तसा. मग ती बस्तीला गेली. साधं रस्त्यापलीकडं जायचं, पण मध्ये रेल्वेचं गेट, आणि ते नेमकं पडलेलं. मालगाडी, डब्यामागून डबा, संपेचना. लोक मोटारसायकली बंद करून उभे, कुणी फोन बघत, कुणी शिव्या घालत, आणि ही पदराखाली बांगडी धरून. बस्तीत देवापुढं उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, लोकरीचा तुकडा आत आणला आपण. मेंढराची नाही, तरी. तिनं पदर नीट केला. रोज पाठ म्हणायचं स्तोत्र अर्ध्यात अडलं. पुढची ओळ? तिनं डोळे मिटले. पुढची ओळ आली, पण तिला धीर राहिला नाही, ती प्रदक्षिणा टाकून तशीच बाहेर आली आणि एवढ्या जवळच्या घरासाठी रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, अम्मा, इल्ले ऐतल्ला, अहो इथंच तर आहे की. ती म्हणाली, चल बाबा तू.

वेणी नीट होती.

ती दारातच मटकन बसली आणि हसायला लागली. खरंच हसायला लागली, तोंडावर पदर दाबून. बांगडीला तुकडा, म्हणजे मी उलटी घातली होती. आता सुलटी, म्हणजे कुणीतरी ती केली. डोळे धड, डोकं धड, मी वेडी नाही गं आई, मी वेडी नाही! घरात कुणीतरी माझं विणकाम उसवून परत विणतंय, एवढीच गोष्ट. एवढीच! ती उठली, स्वेटर उचलला, आणि आनंदानं त्या पिळावरून अंगठा फिरवला. आणि अंगठा थांबला. ज्याचा त्याचा हात असतो विणण्यात, सैल किंवा आवळ, सही मारल्यासारखा. त्रिशलाचा हात सैल. हा पीळ आवळ होता, दोरा ओढून ओढून घेतलेला, आणि शेजारचं घर त्या ओढीनं ढिलं पडलेलं. सगळी ओळ उसवावी लागत नाही यासाठी; वेणीची सहाच घरं सुईवरून सोडायची, खालच्या चुकीपर्यंत जाऊ द्यायची, मध्ये दोऱ्यांची शिडी राहते, तिच्यावरून एकेक पायरी परत विणत वर यायचं. हे सगळ्यांना येत नाही. तिनं अंगठा खाली नेला. खाली, उजवीकडच्या वेणीत, परत एक आवळ पीळ. तो तर बुधवारचा, बरोबर. त्याच्या खाली, डावीकडं, तो पहिल्या दिवशीचा. आणि त्याच्या खाली आणखी एक. त्याच्या खाली आणखी. ज्यांच्याबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. जे उलटे पडलेले तिनं बघितलेच नव्हते, ज्यांच्यावर ती शांतपणे पुढं विणत गेली होती. काठापर्यंत ती मोजत गेली नाही. मध्येच थांबली. एकदम उन्हातून खोलीत आल्यावर दिसेनासं होतं तसं झालं तिला, आणि ती भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली.

जुना स्वेटर तिच्या डोळ्यांपुढं होता. त्यात खाली आईचा सैल हात होता आणि वर, पाठीच्या मध्यापासून, तिचा स्वतःचा, त्या वेळचा, घाईनं आवळ झालेला. कारण आईच्या वेण्या कुणी नीट केल्या होत्या? तिनंच तर. दर आठवड्याला बेळगावहून निपाणीची एस्टी पकडायची, आई जेवून लवंडली की तिचं विणकाम घ्यायचं, सहा घरं सोडायची, शिडी करायची, वर यायचं. अण्णाला कळायला नको, वहिनीला कळायला नको. आईचं डोकं फिरलंय असं कुणी म्हणायला नको. आणि एकदा आई लवकर उठली होती. पलंगावर बसून तिनं विणकाम मांडीवर घेतलं, वेणीवरून बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि विचारलं, "हा हात कुणाचा गं?" त्रिशलानं उशीचा अभ्रा सारखा केला होता. ती म्हणाली होती, "तुझाच की, आई." आईनं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "व्हय?" म्हणाली. "मग लई आवळ झालाय माझा हात." आणि परत विणायला लागली. फसली बिचारी, असं वाटून त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या खोलीत आणखी कोण होतं? कुणीतरी होतं. लोकरीची लड दोन्ही हातांत ताणून धरून कुणीतरी मुकाट बसलेलं, गुंडा करायला लड धरायची असते तशी. फ्रॉक घातलेलं. ब्राह्मी. आठ वर्षांची ब्राह्मी सगळं बघत बसली होती, आत्या काय करते, कशी करते, आणि विचारल्यावर काय सांगते.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पद्मराज बाजारात गेला होता, जिनेंद्र कारखान्यात, घरात तिसरं कुणी नव्हतं. त्रिशलाला वाटलं, हे असंच सोडून द्यावं. आईनं दिलं होतं सोडून. पण आईनं सोडून दिलं आणि मग काय झालं, तेही तिला आठवलं. दोन वर्षं तिनं वेण्या नीट करून ठेवल्या, सगळ्यांना वाटत राहिलं म्हातारी ठणठणीत आहे, आणि मग एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर कितीतरी वेळानं, जन्मात सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात न घातलेली आई स्वयंपाकघरात आली आणि अण्णाला म्हणाली, भूक लागलीय, भाकरी वाढ. अण्णाला तेव्हा कळलं. असं, उभ्याउभ्या, भाकरीचा तुकडा हातात घेऊन. तो रडत रडत वाढत होता आणि आई पोटभर जेवत होती. वहिनीनं हे सांगितलं तेव्हाही त्रिशलानं वेण्यांचं सांगितलं नव्हतं. आणि आता हे तिच्याकडून जिनेंद्रमध्ये उतरणार, अण्णाकडून ब्राह्मीमध्ये, दोन्हीकडून एकच रक्त, घरातलं माणूस घरात. तिला आपल्याच हौसेचा संताप आला.

ब्राह्मी जिना उतरून आली. सोफ्यावर बसलेल्या त्रिशलाच्या मांडीवर स्वेटर बघून ती शेवटच्या पायरीवर थबकली.

"आज लवकर आलासा, आत्या?"

"रिक्षानं आले." त्रिशलानं स्वेटर तिच्यापुढं धरला. जे बोलायचं ठरवलं होतं ते बोललीच नाही, तोंडातून दुसरंच आलं. "हा हात कुणाचा गं?"

ब्राह्मीचा चेहरा पांढरा पडला. पण क्षणभरच. मग ती पुढं आली, वाकून वेणी बघितल्यासारखं केलं आणि हसून म्हणाली, "तुमचाच की, आत्या."

त्रिशला तिच्याकडं बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. तर असं दिसतं ते. समोरचं माणूस असं हसतं, डोळ्यांच्या कोपऱ्यात असं पाणी येतं आणि ते आपल्याला दिसत नाही असं त्याला वाटतं. आई फसली नव्हती. एक क्षणही फसली नव्हती. तिनं फक्त लेकीच्या तोंडाकडं बघितलं होतं आणि लेकीला फसवू दिलं होतं.

"बस," त्रिशला म्हणाली. "कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"ब्राह्मी."

पोर खाली बसली, तिच्या पायाशी, जमिनीवर. लग्नापासून ती सगळ्यांसमोर अहो-जाहो करायची. आता ते सुटलं. "दसऱ्यापासनं. मामंजींच्या मफलरपासनं. तुला दिसलंच न्हाय, आत्या, तू तशीच पुढं विणत गेलीस. मला कसंतरीच झालं. मला वाटलं, मी नीट करून ठेवीन, कुणाला कशाला कळायला पाहिजे?"

"आणि म्हणं मला जमत न्हाय!"

"आज्जीनंच शिकवलंतं मला. तू शिकवायला बसली असतीस तर माझ्या हातात तुला आज्जीची ढब वळखू आली असती. आज्जीची आठवण येऊन रडली असतीस, म्हणून बोलले न्हाय आधी. मग हे झालं, मग तर बोलायची सोयच ऱ्हायली न्हाय."

"जिनूला म्हाईत हाय?"

"न्हाय. कुणालाच न्हाय. देवाशपथ." तिनं त्रिशलाचा गुडघा धरला. "मी कुणाला कळू देणार न्हाय, आत्या. कधीच न्हाय."

हेच. अगदी हेच त्रिशलानं आईला मनातल्या मनात सांगितलं होतं. आता तेच कुणीतरी आपल्याला सांगतंय, आणि ते ऐकायला किती गोड लागतंय, आणि त्यात किती भय आहे. ती ब्राह्मीच्या डोक्यावर हात ठेवून बसली. रेल्वे गेटची घंटा वाजायला लागली. बांगडीचा लोकरीचा तुकडा ब्राह्मीच्या केसांवर लोंबत होता. तिनं तो सोडायचा प्रयत्न केला, गाठ घट्ट बसली होती, मग दातानं तोडला.

"आज जेवताना मी सांगणार हाय सगळ्यांना," ती म्हणाली. "दिवसाउजेडी. तुझ्या बाला कळलं तसं जिनूला कळायला नको. डाक्टरकडं जायचं तर जाऊ. काय असंल ते असंल."

"आत्या, दोनचार टाकं चुकलं म्हणजे काय—"

"मला नको शिकवू. मी ह्या वाटेनं एकदा जाऊन आलेय." आवाज चढला, आणि तिचं तिलाच बरं वाटलं. मग तिनं सुया उचलल्या आणि ब्राह्मीच्या हातात दिल्या. "आणि हे घे. हा स्वेटर माझ्या हातून पुरा झाला तर झाला, न्हाय झाला तर तुला करायचाय. पण ह्या हातानं न्हाय. लई आवळ ओढतीस. कुणीबी वळखील. दोरा करंगळीला एकच येढा दे, दोन न्हाय. सैल सोड. सोड म्हणते न्हवं."

ब्राह्मी नाक पुसून विणायला लागली. त्रिशला तिच्या शेजारी सरकून बसली, तिच्या कोपराला आपलं कोपर लावून, आणि प्रत्येक घराला म्हणत राहिली, सैल, अजून सैल, हां, आता हात आपला आपण चालू दे. पिळाची ओळ आली तेव्हा ब्राह्मीनं तिच्याकडं बघितलं. "पुढं," त्रिशला म्हणाली, आणि लगेच, "थांब. कुठली वेणी ही? डावी न्हवं? व्हय, पुढंच." ओळ पुरी झाली. गेटवरून गाडी गेली, काचा थरथरल्या, आणि घंटा थांबली.

"बघ," ब्राह्मी म्हणाली.

त्रिशलानं डोळे मिटले आणि ओळीवरून अंगठा फिरवला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, मग परत. खालची ओळ तिची स्वतःची होती, वरची आत्ताची ब्राह्मीची. अंगठा खाली गेला, वर आला. तिला फरक लागेना. एका ओळीत पोरीचा हात खरंच सैल सुटला का आपला अंगठाच आता काही सांगेनासा झाला, हे तिला कळेना, आणि ब्राह्मी तिच्या तोंडाकडं बघत होती, श्वास धरून.

"बरोबर हाय," त्रिशला म्हणाली. "पुढं विण."